नाक्यावरची मंगलाष्टकं

माझ्या धाकट्या दिरांचं लग्न अमेरिकेत ठरलं, तिथल्याच मुलीशी, आणि त्या लग्नाला आमच्या घरातलं कुणीच जाणार नव्हतं. मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, छातीत त्याच वर्षी दुखून गेलं होतं. विमानाचं नाव काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मामंजी नाहीत म्हणून सासूबाई नाहीत. आणि यांना रजा नव्हती. हे केंद्र सरकारच्या नोकरीत इंजिनिअर, बदलीवर चंडीगडला आलेले. पंजाबात जे चाललं होतं त्यामुळे त्या दिवसांत कुणी रजा मागितली की साहेब अर्ज न वाचता माणसाचं तोंडच वाचत बसायचे.

मामंजी निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला यायच्या आधी कराडला हेडमास्तर होते, पण त्यांची खरी कीर्ती मंगलाष्टकांची. शार्दूलविक्रीडितात, वधूवरांची नावं गुंफून ते स्वतः रचायचे आणि स्वतःच म्हणायचे. एका मुहूर्तावर गावात दोन लग्नं आली तर दुसऱ्या मांडवातले लोक मुहूर्त टळू द्यायचे आणि मुठीत अक्षता घेऊन मामंजींची वाट बघत उभे राहायचे. आणि आता पोटच्या पोराचं लग्न त्यांच्याशिवाय लागणार होतं.

भाऊजींनी, म्हणजे दिरांनी, त्यावर तोड काढली. इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी त्यांनी एक व्हिडिओ कॅमेरा पाठवला आणि बरोबर चिठ्ठी: ‘बाबांची मंगलाष्टकं यात घ्या. लग्नात मोठ्या टीव्हीवर लावीन. चित्र कसंही चालेल, पण आवाज स्वच्छ हवा. इथे ती म्हणणारं दुसरं कुणी नाही.’

मामंजींनी रचनेला आठ दिवस घेतले, त्यातले सहा सुनेच्या नावावर गेले. तिच्या नावात एक असं जोडाक्षर होतं की ते वृत्तात बसेना. शेवटी ट्रंक कॉल लावून तिच्याकडून तिचं नाव तीनदा म्हणवून घेतलं. तिला वाटलं, सासऱ्यांना ऐकू कमी येतं. तिसऱ्या वेळी ती इतकी ओरडली की मामंजींना गण सापडले.

आता कॅमेऱ्याचं. खांद्यावर घ्यायचं ते पितळी घागरीएवढं धूड होतं. यांचा हात थरथरायचा, म्हणून ते माझ्याकडे आलं. माइक कॅमेऱ्यालाच जोडलेला, पुढच्या बाजूला, वर काळ्या फोमची टोपी. पण कॅमेरा अमेरिकन पद्धतीचा असल्यामुळे त्याची कॅसेट इथल्या कुठल्याही टीव्हीवर दिसत नव्हती. काय घेतलं ते बघायचं तर कॅमेऱ्याच्याच छोट्या भोकाला एक डोळा लावायचा आणि कानात इअरफोनची एक गोळी घालायची. म्हणजे एका वेळी एकच माणूस. बाकीच्यांनी मागे रांगेत उभं राहायचं.

पहिला प्रयत्न आमच्या हॉलमध्ये झाला. मामंजी फेटा, उपरणं, सोवळं अशा थाटात एका भिंतीपाशी उभे राहिले आणि ते फेट्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत दिसावेत म्हणून मी दुसऱ्या भिंतीला पाठ चिकटवून उभी राहिले. आठही मंगलाष्टकं झाली. मग आम्ही रांग लावली. सासूबाईंनी पहिल्यांदा गोळी कानात घातली आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, “हे कोण घोरतंय?”

ती मी होते. माइक माझ्या नाकाच्या पुढे वीतभर होता, त्यामुळे माझा श्वास भात्यासारखा ऐकू येत होता. मी “हं, म्हणा” म्हटलेलं ढगांच्या गडगडाटासारखं. माझ्या बांगड्या तर अशा वाजत होत्या की कुणी कपबशा फोडतंय. या सगळ्याच्या मागे कूलर, आणि कूलरच्याही मागे, विहिरीत पडल्यासारखे, मामंजी. त्यातून त्या यंत्राला एक खोड होती. मामंजी दोन ओळींमध्ये श्वासासाठी थांबले की ते आपणहून आवाज वाढवून काहीतरी ऐकायला बघायचं. दर ओळीनंतर खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी जवळ यायची आणि मामंजी म्हणू लागले की परत लांब जायची.

दुसऱ्या दिवशी कूलर बंद, पंखे बंद, खिडक्या बंद. मे महिना. दुसऱ्या मंगलाष्टकाला मामंजींच्या फेट्याचा केशरी रंग घामाबरोबर कपाळावरून नाकापर्यंत उतरला. तिसऱ्याला ते खुर्चीत बसले.

“कूलर लावा आधी,” सासूबाई म्हणाल्या. “माणूस आधी, मंगलाष्टकं मागून.”

तेवढ्यात झालेली अडीच मंगलाष्टकं आम्ही ऐकली. रिकाम्या हॉलमध्ये प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत येत होता. एकाच वेळी तीन हेडमास्तर म्हणत होते आणि त्यांचं आपसांत पटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर गेलो. तिथे जी झुळूक आम्हाला सुखाची वाटत होती, ती माइकमध्ये ताडपत्री फडफडल्यासारखी ऐकू आली. मी सेक्टर १७च्या बाजारात वेगळा माइक शोधायला गेले. प्रत्येक दुकानाच्या दारात पर्स उघडून दाखवावी लागत होती आणि एकाही दुकानातल्या माइकची पिन आमच्या कॅमेऱ्यात जात नव्हती. एक दुकानदार म्हणाला, “बहनजी, कॅमेरा बदल लो.”

आम्ही ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो त्याचे मालक खाली राहायचे. सरदारजी, फौजेच्या सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कुकर त्यांच्याच घरचा. कॅसेट घेऊन जाणारीही त्यांचीच भाची. ती रविवारी दिल्लीहून अमेरिकेला निघणार होती. तीन दिवस छताच्या वर तीच तीच मंगलाष्टकं ऐकून ते शुक्रवारी संध्याकाळी वर आले आणि कॅमेरा उलटापालटा करून बघितला.

“बेटी,” ते मला म्हणाले, “माइक को अकल नहीं होती. जो पास है, उसी की सुनता है. बाउजी को पास लाओ. एक हाथ, बस.”

एका हाताच्या अंतरावरून मामंजींचं नुसतं तोंड दिसत होतं. मामंजी बिथरले. “मग मी सोवळं नेसलोय हे त्यांना कळणार कसं?”

“त्यांनी तुमचं धोतर ऐकायचंय का?” सासूबाईंनी विचारलं. तो प्रश्न तिथे मिटला.

सुभेदारसाहेबांनी आणखी तीन गोष्टी सांगितल्या. वाऱ्यासाठी माइकवर लोकर. भिंतीच्या जागी काहीतरी मऊ. आणि कॅमेऱ्यावर बसलेला माणूस हलता कामा नये, वाजता तर मुळीच नये. लोकरीसाठी मी माझ्या मुलीची लहानपणची लाल कानटोपी काढली आणि माइकवर चढवली. तिचा गोंडा पुढे लोंबायचा. मला बांगड्या काढू द्यायला सासूबाई तयार होईनात. लग्नकार्यात मोकळ्या हातांनी कसं, म्हणून बांगड्या कोपराकडे सरकवून त्यांच्यावर दोन्ही हातांना मी क्रेप बँडेज गुंडाळलं. आणि शांत जागेसाठी सुभेदारसाहेबांनी खरड गावाच्या पुढे असलेलं त्यांच्या भावाचं शेत सुचवलं. “वहाँ चिड़िया भी पूछ के बोलती है,” ते म्हणाले.

शनिवारी सकाळी त्यांच्या फियाटमधून आम्ही पाच जण निघालो. सुभेदारसाहेब गाडी चालवत होते, शेजारी फेट्यासह मामंजी, मागे सासूबाई, हे आणि मांडीवर कॅमेऱ्याची बॅग घेऊन मी. मोहालीच्या पुढे पोलिसांचा नाका लागला. रस्त्यावर आडवी पिंपं, कडेला वाळूच्या पोत्यांची एक बुटकी खोली, वर कनात. नाके रोजचेच होते. डिकी उघडायची, नाव सांगायचं, पुढे जायचं. पण त्या दिवशी शिपायानं बॅग उघडली आणि तो दोन पावलं मागे सरकला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. बॅगेत एक काळं यंत्र, त्यावर लोकरीत गुंडाळलेलं नळकांडं, दोन बॅटऱ्या, वायरींचं भेंडोळं आणि अमेरिकन चार्जरसाठी घेतलेला विटेएवढा लोखंडी ट्रान्सफॉर्मर होता. बेवारशी वस्तूला हात लावू नका, असं रेडिओ रोज सांगत होता. ही बेवारशी नव्हती इतकंच. तिचा वारस म्हणजे दोन्ही हातांना बँडेज बांधलेली बाई.

इन्स्पेक्टर आले. पन्नाशीचे, पिकल्या मिश्यांचे, झोप न झालेल्या डोळ्यांचे. “ये क्या है जी?”

माझ्या आधी मामंजींनी उत्तर दिलं. “मंगलाष्टक.”

इन्स्पेक्टरांनी तो शब्द मनातल्या मनात हत्यारांच्या सगळ्या यादीवरून फिरवून बघितला असावा. “कौन सा मॉडल?”

सुभेदारसाहेबांनी पंजाबीत भराभर सगळं सांगितलं. फौज, मुलगा, अमेरिका, लग्न. इन्स्पेक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ठीक है. चला के दिखाओ.” मग ते इतरांकडे वळले. “बाकी सब पीछे.”

सगळे वाळूच्या पोत्यांमागे गेले. शिपाई गेले, सुभेदारसाहेब गेले, सासूबाई मामंजींना धरून गेल्या, आणि हेही गेले. रस्त्यावर मी आणि कॅमेरा. पोत्यांच्या वर डोक्यांची एक रांग दिसत होती, मध्ये केशरी फेटा. यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण ती पोत्यांच्या पलीकडून होती. तो विषय पुढे आमच्या घरात बरीच वर्षं पुरला. मी डोळे मिटले आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला, कॅसेट घर्र करून फिरू लागली. बाकी काही झालं नाही.

इन्स्पेक्टर बाहेर आले. आता त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. मामंजींना घामानं आणि भीतीनं दम लागला होता. इन्स्पेक्टरांनी त्यांना सावलीत, पोत्यांच्या खोलीतच बसवलं. आत एक खाट आणि मातीचा माठ. आम्ही बाकीचे दाराशी कोंबून उभे राहिलो. खोली एवढीशी की खाटेवरच्या मामंजींपासून मी हातभर अंतरावर होते. कॅमेरा खांद्यावर तसाच होता.

“बाउजी, वो जो आप गाते हैं,” इन्स्पेक्टर म्हणाले, “ज़रा सुनाओ. मैं भी तो देखूँ, किस चीज़ के लिए मैंने बहनजी को धूप में खड़ा किया.”

मामंजींना असं विचारायचं नसतं. ते ताठ बसले, उपरणं सारखं केलं. “एक अट आहे,” ते मराठीतच म्हणाले आणि मग त्यांच्या हिंदीत, “शांतता चाहिए. और प्रत्येक श्लोक के अंत में मैं सावधान बोलेगा, तब सब लोक अक्षता डालना. अक्षता नहीं है तो खाली हात करना.”

इन्स्पेक्टरांनी बाहेर बघून हाळी दिली, “ओए, इंजन बंद कराओ!” नाक्यावर खोळंबलेल्या ट्रकांची एकेक इंजिनं बंद झाली. एका ट्रकवाल्याचा टेपही बंद झाला. माझ्या कानात गोळी होती. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच त्या गोळीत काहीच ऐकू येत नव्हतं. वारा पोत्यांबाहेर राहिला होता, भिंती वाळूच्या असल्यामुळे आवाज उलट फिरत नव्हता, आणि मी श्वास धरून ठेवला होता.

मामंजींनी सुरुवात केली. तो आवाज मी घरी रोज ऐकत होते, तरी हा मला नवा होता. त्यातली खर, त्यातला जिभेचा ओलावा, जोडाक्षरावर बसणारा हलका ठोसा, सगळं कानाशी आलं. मुलाचं नाव आलं. मग सुनेचं, तीनदा विचारून घेतलेलं, वृत्तात चपखल. आणि शेवटी “शुभमंगल सावधान!”

धप्प.

दारातल्या चारही शिपायांनी टाचा जुळवून पाय आपटला होता. हात शिवणीला, छाती पुढे. हुकूम तो हुकूम. मामंजींच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी कॅमेऱ्यातून बघितला. चाळीस वर्षं त्यांनी मांडवामांडवांतून सावधान म्हटलं होतं. कुणी खरोखर सावधान झालेलं ते पहिल्यांदाच बघत होते. पुढची सात मंगलाष्टकं त्यांनी चढत्या आवाजात म्हटली. प्रत्येकाच्या शेवटी धप्प. मातीच्या जमिनीमुळे तो आवाज ढोलावर मऊ टिपरी पडावी तसा येत होता. पाचव्यानंतर त्यांचा घसा कोरडा पडला, तेव्हा बाजूनं इन्स्पेक्टरांचा हात आला आणि त्यांना पाण्याचा पेला देऊन परत गेला.

आठवं संपलं. मग इन्स्पेक्टरांचं लक्ष माझ्या लाल दिव्याकडे गेलं.

“ये चालू था?”

मी हो म्हटलं.

“मेरी शक्ल आई है इसमें?”

“नहीं जी. सिर्फ हाथ.”

“दिखाओ.” त्यांनी डोळा लावून, गोळी कानात घालून सगळं पहिल्यापासून बघितलं. बाहेर ट्रक तसेच उभे होते. मग ते हळू आवाजात म्हणाले, “शक्ल नहीं जानी चाहिए, बहनजी. यहाँ शक्ल देख के घर ढूँढ लेते हैं.” चेहरा कुठेच नव्हता. त्यांनी कॅसेट काढून घेतली नाही. मामंजींच्या पाया पडले आणि म्हणाले, “पिछले महीने बेटी की शादी थी मेरी. मैं इसी खाट पे था.” मामंजींनी त्यांच्या मुलीचं नाव विचारलं आणि नुसत्या पाठांतराच्या जोरावर तिथल्या तिथे एका श्लोकात बसवून त्यांना ऐकवलं. या वेळी इन्स्पेक्टरांनीही पाय जुळवले. मग इंजिनं सुरू झाली.

आम्ही शेतावर गेलो. खाट उभी करून तिच्यावर मऊ गोधड्या टांगून, कानटोपी नीट बसवून, खरं रेकॉर्डिंग तिथेच करायचं होतं. चिमण्या खरंच गप्प होत्या. पण पहिलं मंगलाष्टक अर्ध्यात आलं आणि वीज आली, म्हणून शेतावरचा पंप सुरू झाला, आणि त्याच्यामागे आजूबाजूच्या शेतांवरचे सगळे पंप. वीज कधी जाईल ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आली असताना पंप बंद करा म्हणण्याचं धाडस सुभेदारसाहेबांनाही झालं नाही. मामंजींचाही आवाज बसला होता. संध्याकाळी घरी रांग लावून आम्ही दोन्ही ऐकलं. सासूबाईंनी गोळी कानातून काढली आणि म्हणाल्या, “नाक्यावरचंच पाठवा. यात ते माझ्या शेजारी बसून म्हणतायत.”

रविवारी कॅसेट गेली.

पत्र यायला महिना लागला. भाऊजींनी लिहिलं होतं की आवाज इतका स्वच्छ होता की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही प्रत्येक अक्षर ऐकू आलं. त्यांना स्वतःला पहिल्या ओळीलाच रडू फुटलं. पण मुलीकडची माणसं पांढरीफटक पडली होती. त्यांना पडद्यावर काय दिसत होतं? मागे वाळूची पोती. कोपऱ्यात बंदुकीची नळी. ती मला दिसलीच नव्हती. कपाळावर केशरी ओघळ आलेला एक म्हातारा घाईघाईनं, न समजणाऱ्या भाषेत, काहीतरी पाठ केलेलं म्हणतोय. दर थोड्या वेळानं बूट आपटतात. आणि मध्येच तोंड नसलेल्या माणसाचा हात त्याला पाणी पाजतो. पंजाबच्या बातम्या तिकडेही जात होत्या. मुलाच्या वडिलांना धरून नेलंय आणि ते अतिरेक्यांच्या मागण्या वाचून दाखवतायत, अशी त्यांची खात्री झाली. त्यांच्या मागण्यांत आपल्या नातीचं नाव ऐकून नवरीची आजी उठून उभी राहिली. भाऊजींना रडताना बघून तर उरलासुरला संशयही संपला. एक पाहुणा पोलिसांना फोन करायला निघाला, त्याला दारातून परत आणावं लागलं. मग भाऊजींनी टीव्ही थांबवून सगळं समजावलं, कॅसेट मागे नेली, आणि दुसऱ्या वेळेला लग्न लागलं. या खेपेला प्रत्येक सावधानला दीडशे माणसांनी पाय आपटले.

मामंजींनी पत्र दोनदा वाचलं आणि दोन दिवस ते खिशात घेऊन फिरले. “इतका का मी भ्यालेला दिसतो?” एवढंच त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “नाही मामंजी. त्यांना भाषा कळली नाही.” ते म्हणाले, “भाषा नाही कळली, पण वृत्त तर कळायला हवं होतं.”

तिसऱ्या दिवशी त्यांनी सासूबाईंना बुंदीचे लाडू करायला सांगितले आणि लग्नाचे लाडू घेऊन आम्ही नाक्यावर गेलो. ते इन्स्पेक्टर तिथे नव्हते. बदली झाली, एवढंच नव्या इन्स्पेक्टरांनी सांगितलं. कुठे, ते सांगितलं नाही. शिपाईही नवे होते. मामंजींनी डबा उघडून पुढे केला आणि मुलाच्या लग्नाचे म्हणून सांगितलं. नव्या इन्स्पेक्टरांनी डब्याकडे बघितलं, मामंजींकडे बघितलं. अनोळखी माणसाच्या हातचं गोड खाण्याचे ते दिवस नव्हते.

“पहले आप खाओ जी,” ते म्हणाले.

मामंजींना डॉक्टरांनी साखर बंद केली होती आणि सासूबाई ती बंदी डोळ्यांत तेल घालून पाळत होत्या. त्या गाडीच्या खिडकीतून बघत होत्या. मामंजींनी एक लाडू उचलला, पूर्ण खाल्ला, आणि सरकारी कामात शंकेला जागा नको म्हणून दुसराही खाल्ला. मग शिपायांनी हात पुढे केले.